पाळण्यात पाणी ओतणारी माणसं

मी जर्मनीला निघाले त्या सकाळी आण्णा दुकानात रंधा मारत होते. गंगापूरला आमचं घर मागे आणि सुतारकामाचं दुकान पुढे, त्यामुळे बॅगा घेऊन बाहेर पडायचं तर दुकानातूनच जावं लागतं. जीपवाला हॉर्न वाजवत होता, आईनं तळहातावर दही ठेवलं होतं, माझा भाऊ सतीश बॅगा टपावर चढवत होता, आणि माझे वडील कडुलिंबाच्या फळीवरून नजर न काढता रंधा पुढे-मागे करत होते. मी पाया पडायला वाकले तर कपाळाला भुसा लागला. आण्णा म्हणाले, "आपल्या घरात कुनी गाव सोडलं नाय." बस, एवढंच. नीट जा नाही, पोचल्यावर फोन कर नाही.

गंगापूरला राहिलेल्या आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्या, दोन्हीकडच्या माणसांसाठी मी हे लिहितेय. बाहेर पडलेल्यांना ठाऊक असेल, की घरचे रागावले तर एक वेळ चालतं. रागावलेल्या माणसाशी भांडता तरी येतं. आण्णा रागावले नाहीत, त्यांनी विचारणंच सोडून दिलं. बारा वर्षांत त्यांनी माझ्या ब्रेमेनच्या घराबद्दल एक प्रश्न विचारला नाही. मी व्हिडिओ कॉल लावला की आई मोबाईल घेऊन घरभर फिरायची आणि आण्णांवर कॅमेरा धरायची. ते म्हणायचे, "तिकडं थंडी हाय का?" हो म्हटलं की उठून दुकानात. ते घर केवढं आहे, खिडकीतून काय दिसतं, मी तिथं काय शिजवते, यातलं काही त्यांना जाणून घ्यायचं नव्हतं. त्यांच्या लेखी मी एका लांबलचक एसटी प्रवासाला गेले होते आणि गाडी अजून कुठेतरी उभी होती. एकदा तरी त्यांनी माझ्या घराविषयी विचारावं, एवढीच माझी इच्छा होती. मोठ्या माणसाला सांगताना लाज वाटावी इतकी छोटी, पण बारा वर्षं टिकलेली.

आणि केवळ माझ्याच बाबतीत ते असे होते असंही नाही. सतीशनं संभाजीनगरला सिडकोत फ्लॅट घेतला, तर वास्तुशांतीचं जेवण करून आण्णा संध्याकाळच्या एसटीनं परत. रात्री राहिले नाहीत. त्यांच्या तोंडी ते अजून नुसतं 'शहर' आहे, जिथे खिळे आणि बिजागऱ्या आणायला जायचं.

आता आमच्या दुकानाविषयी सांगायला हवं, कारण गोष्ट तिथूनच फिरते.

गंगापुरात सुतारांची घरं बरीच, पण आमच्या दुकानाच्या दोन खोडी सगळ्या तालुक्याला माहीत. पहिली खोड कापसाची. आमच्याकडे दोन फळ्या जोडल्या की मधल्या फटीत कापसाचा पीळ ठोकून बसवतात. दार असो, गाडीची पेटी असो, धान्याची कोठी असो. पटाशीनं पीळ आत सारायचा, वरून राळ आणि तेल. आमच्याकडचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक आहे, लाकूड नुसतं आक्रसतं. मग मे महिन्यात लोकांच्या दारांतून पांढरे झुबके बाहेर यायचे. गल्लीतले लोक आण्णांना थांबवून विचारायचे, "काय मिस्त्री, यंदा दाराला बोंडं चांगली लागलीत?" आण्णा हसायचे आणि पटाशी घेऊन पुन्हा ठोकून द्यायचे, फुकट.

दुसरी खोड याहून विचित्र. कुठलीही पोकळ वस्तू तयार झाली की आमच्याकडे तिला 'पाणी दाखवतात'. म्हणजे तिच्यात काठोकाठ पाणी ओतायचं आणि खालून फिरून बघायचं, कुठे ओल येते का. थेंब दिसला तर वस्तू गिऱ्हाइकाला द्यायची नाही. बैलगाडीची पेटी, ट्रंक, देव्हाऱ्याचा ड्रॉवर, सगळ्याला पाणी. पाळण्यालासुद्धा. पहिलटकरणीची आई पाळणा न्यायला आली आणि तिनं पाळण्यात घागर रिकामी होताना पाहिली, की तिचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. "अहो, लेकरू झोपवायचंय, मासे नाय पाळायचे!" असं एक बाई वैजापूरच्या पाहुण्यांसमोर म्हणाल्या होत्या. आण्णांनी शांतपणे खाली वाकून पाळण्याचा तळ तपासला आणि म्हणाले, "झालं. आता न्या."

या हट्टाचा फटकाही बसला. एका बागायतदाराला आण्णांनी सागवानी कोठी करून दिली, इतकी घट्ट की वारा आत जाईना. ज्वारीला आतल्या आत घाम फुटला आणि पोरकिड्यांनी दिवाळी केली. त्या माणसानं कोठी बैलगाडीत घालून परत आणली आणि दुकानासमोर उलटी केली. आण्णांनी दुसरी करून दिली, तीही तशीच घट्ट. "ढिलं काम करायला येत नाय मला," म्हणाले. मी लहानपणी विचारायचे, आण्णा, पाणी कामून ओतायचं? त्यांचं उत्तर ठरलेलं. माझ्या बापानं ओतलं, त्याच्या बापानं ओतलं. पुढं विचारलं की ते रंधा उचलायचे.

ब्रेमेनला नदीकाठी जुन्या लाकडी बोटी दुरुस्त करून ठेवतात अशी एक जागा आहे. एका रविवारी नवरा आणि मी तिथं फिरत होतो. एका बोटीपाशी दाढीवाला म्हातारा बसला होता. त्यानं कापसाचा पीळ घेतला, दोन फळ्यांच्या फटीवर ठेवला, आणि बोथट पटाशीनं ठोकत ठोकत आत सारला. मी जागच्या जागी थांबले. ते ठोकणं मी ओळखत होते. दोन हलके ठोके आणि एक जोराचा. त्या आवाजावर मी अभ्यास केलाय, त्या आवाजावर झोपलेय. नवरा म्हणाला, काय झालं? मी म्हटलं, हा माणूस गंगापूरचा आहे.

मी व्हिडिओ काढून सतीशला पाठवला, सतीशनं आण्णांना दाखवला. त्या दिवशी बारा वर्षांत पहिल्यांदा आण्णांनी स्वतःहून मला फोन लावला. नमस्कार-चमत्कार काही नाही. "ह्या मान्साला आपलं काम कुनी शिकवलं?" आवाजात चक्क तक्रार होती, जणू त्या म्हाताऱ्यानं आमच्या दुकानातून काहीतरी उचलून नेलंय. मी म्हटलं, आण्णा, हे बोटीचं काम आहे. पाणी आत येऊ नये म्हणून. मग आईचा आवाज आला, "गेले ते दुकानात."

आता मला राहवेना. ज्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो तिथल्या सुताराला बोटीचं काम आलं कुठून? मी सगळ्या नात्यात फोन लावले. कुणी म्हणे आपण पैठणचे, कुणी म्हणे तसं काही नसतं. शेवटी बिडकीनच्या आत्यानं, म्हणजे आण्णांच्या थोरल्या बहिणीनं सहज सांगितलं, "आज्जा म्हनायचा की, त्येचा आज्जा हर्णैहून आला म्हून. दर्यावरून. तुज्या बापालाबी ठावं हाय." मी आण्णांना विचारलं तर ते म्हणाले, "आज्जा म्हातारपनी कायबी बोलायचा." म्हणजे त्यांना खरंच ठाऊक होतं! माझ्या डोक्यात त्या क्षणी एकच गोष्ट आली. आपल्या घरात कुणी गाव सोडलं नाही असं म्हणणाऱ्या माणसाचा खापरपणजा समुद्रावरून उठून गोदाकाठी आला होता.

जुलैच्या सुट्टीत मी आले ती हर्णैचा बेत घेऊनच. आण्णा येतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. आईनं कपडे भरले, तिला समुद्र बघायचा होता; आदल्या रात्री आम्ही दोघी सतीशकडे मुक्कामाला गेलो. निघायच्या सकाळी आण्णा संभाजीनगरला सतीशच्या दारात हजर, पहिल्या एसटीनं आले होते, खांद्याला हत्यारांची पिशवी. "कोठीचं एक काम हाय, वाटेत बघतो," म्हणाले. वाटेत कुठलंच काम नव्हतं. सतीशच्या गाडीनं निघालो; पुण्याला लॉजवर मुक्काम केला तर आण्णा पिशवी उशाला घेऊन झोपले.

घाट उतरताना सगळीकडे हिरवं आणि ओलं. आई खिडकीला चिकटून बसली होती. दापोलीच्या पुढे एका वळणावर एकदम समुद्र दिसला आणि ती म्हणाली, "अगं बया, एवढं पानी! आन् आपल्याकडं टँकरची वाट बघतेत." खाली उतरून तिनं ओंजळीत घेऊन चाखलं, तोंड वाकडं केलं आणि वैतागून म्हणाली, "आन् तेबी खारट." आण्णा पाण्यापासून लांब उभे राहिले. त्यांनी समुद्राकडे पाहिलंही नीट नाही. ते लोकांच्या दारांकडे बघत होते.

हर्णैत आम्ही अर्धा दिवस विचारपूस केली. सुतारांची आळी सापडली. आमचं आडनाव कुणालाच माहीत नव्हतं. एका आजींनी आम्हाला चहा दिला, बराच विचार केला आणि म्हणाल्या, नाय वो, अशा नावाचं घर ऐकलं नाय. देवळातल्या गुरवानं तेच सांगितलं. मोडकं जोतं नाही, विहीर नाही, आमचं म्हणून दाखवावं असा दगडही नाही. मी हिरमुसले. आण्णांना मात्र हुरूप आला. "बघ," ते म्हणाले, "कुनी वळखत नाय. आपन इथले नायतच." त्यांचा चेहरा इतका मोकळा मी बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता, आणि खरं सांगते, मला त्यांचा रागच आला.

परत निघायचं म्हणून किनाऱ्यावरून गाडीकडे चाललो होतो. नारळी पौर्णिमा जवळ आली होती, पावसाळ्यात वर ओढून ठेवलेल्या होड्यांची डागडुजी चालू होती. बहुतेक होड्या आता फायबरच्या. त्यांच्यात एक मोठी लाकडी होडी ओंडक्यांवर टेकवून उभी होती. दोन माणसं मोटर लावून पाइपानं तिच्यात पाणी सोडत होती. आत, होडीत. आणि एक साठीचा माणूस कमरेत वाकून तिच्या पोटाखाली फिरत होता, हातानं फळ्या चाचपत.

सगळ्यात आधी आईला कळलं. तिनं आण्णांचा दंड धरला. "अवो, पानी दाखवायलेत!"

आण्णा जागीच उभे राहिले. मग पिशवी सतीशकडे देऊन ते सरळ होडीखाली शिरले. त्या माणसानं, मोरू मेस्त्री त्याचं नाव, वळून पाहिलं. आण्णांनी त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. त्यांनी एक फळी चाचपली, दुसरी चाचपली, आणि शेपटाकडच्या एका जागी अंगठा दाबून म्हणाले, "इथं हाय." अंगठा ओला झाला होता. मेस्त्री म्हणाला, "हाय खरी गळती. सकाळपास्नं तिलाच शोधतोय मी."

नंतरचा तासभर आम्ही तिघं वाळूत बसून राहिलो आणि ते दोघं होडीखाली. पाणी काढून टाकलं. मेस्त्रीनं कापसाचा पीळ काढला, तेलात बुडवलेला. आण्णांनी हातात घेऊन हुंगला. त्यांनी पिशवीतून स्वतःची पटाशी काढली आणि मेस्त्रीची वाट न बघता ठोकायला लागले. दोन हलके, एक जोराचा. मेस्त्री कौतुकानं बघत होता. "आमी कोरडाच घालतो आदी, तेल वरून," आण्णा म्हणाले. "म्हणून तुमचा निघून येत असंल," मेस्त्री म्हणाला. "येतो," आण्णांनी कबूल केलं. मे महिन्यात दारांना लागणाऱ्या बोंडांचं कारण आम्हाला तिथं, हर्णैच्या वाळूत समजलं. आमच्या कुठल्यातरी पूर्वजानं कोरड्या मुलखात तेल वाचवलं आणि बाकी सगळं तसंच ठेवलं. पुढच्यांनी तेच गिरवलं. होडी विसरली, समुद्र विसरला, पाणी ओतायचं तेवढं लक्षात राहिलं. मला हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते.

मग आण्णांनी विचारलं. मी वर्षानुवर्षं त्यांना कुणालाही असं विचारताना ऐकलं नव्हतं. "मेस्त्री, एवढं काम येत असताना मानूस हितून कामून गेला आसंल?"

मेस्त्रीनं बिडी पेटवली. "का जाईल? पोटासाठी गेला असंल. माझे दोगे पोरगे मस्कतला हायत. फर्निचर करतात."

"तुम्ही जाऊ दिलं?"

"जाऊ दिलं म्हंजे काय वो. थोरल्याला माझी चांगली पटाशी दिली. धाकट्याला रंधा. आपलं हत्यार आपण नाय दिलं, तर तो तिकडं दुसऱ्याच्या हत्यारानं काम शिकंल, आन् मग तो आपला कसा रायचा?"

आण्णा हातातल्या पटाशीची धार अंगठ्यानं बघत राहिले. समुद्राचा आवाज येत होता, मोटर बंद झाली होती. मला वाटलं आता ते माझ्याकडे बघतील. त्यांनी पाहिलं नाही. उठले, वाळू झटकली, मेस्त्रीला रामराम घातला. मेस्त्री म्हणाला, पौर्णिमेला होडी पाण्यात जाईल, थांबा. आण्णा म्हणाले, नाय, काम पडलंय.

परतीच्या वाटेवर घाट चढून झाला. आई झोपली होती. आण्णा पुढे बसले होते, मी मागे. बाहेर धुकं होतं. आण्णांनी मान न वळवता विचारलं, "बाई, तुज्या घराचं दार कोनत्या लाकडाचं हाय?"

मला आधी समजलंच नाही ते कुठल्या घराविषयी बोलतायत. मी म्हटलं, "कुठलं दार?"

"तुजं. तिकडचं. ब्रेमेनचं." त्यांनी त्या गावाचं नाव घेतलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. मराठीच नाव असल्यासारखं घेतलं.

बारा वर्षं ज्या प्रश्नाची वाट बघितली तो आला, आणि मला उत्तर माहीत नव्हतं. दार पांढरं आहे. रंग दिलेला आहे. त्याखाली काय आहे मी कधी पाहिलंच नव्हतं. "माहीत नाही, आण्णा," मी म्हटलं. त्यांनी मागे वळून माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी दहावीला नापास झाल्यावर पाहिलं असतं. "रोज त्याच दारातून जाती-येती आन् लाकूड ठावं नाय? सुताराची पोरगी हायस तू." सतीश हसायला लागला. मला हसताही येईना. मी खिडकीकडे तोंड करून रडले, आणि ते रडणं दुःखाचं मुळीच नव्हतं.

त्यांना असं वाटत होतं का, की मी तिथं नुसती उतरलेय आणि राहत नाही? मग मीही तसंच वागत नव्हते का? पडदे बदलायचे तर कशाला, आपण काय कायमचे आहोत, असं आम्ही नवरा-बायको दर वर्षी म्हणायचो. आमचं सामान अजून खोक्यांत होतं. आण्णांनी माझ्या घराविषयी विचारलं नाही हे खरं, पण सांगण्यासारखं घर मी तरी कुठे केलं होतं? हर्णैहून निघालेल्या आमच्या माणसानं गोदाकाठी येऊन निदान दारं तरी केली, कापूस भरून, पाणी दाखवून. तो तिथं राहिला म्हणून त्याच्या पोरांनी गंगापूरला आपलं म्हटलं. घर कुठलं याचा हिशेब मागच्या पिढ्यांवरून लागतो असं मी समजत होते. आता वाटतं, ज्या दाराचं लाकूड आपल्याला ठाऊक असतं ते घर.

ब्रेमेनला पोचले त्याच संध्याकाळी मी दाराची खालची कड नखानं खरवडली. पांढऱ्या रंगाखाली पिवळट, गाठीगाठीचं लाकूड निघालं. मी गंगापूरला व्हिडिओ कॉल लावला. आईनं आण्णांना हाक मारायच्या आधीच ते कॅमेऱ्यासमोर येऊन बसले, चष्मा लावून. "जवळ धर," म्हणाले. मी मोबाईल दाराला लावला. "चीड दिसतंय, पाइन म्हनतेत ते. हलकं लाकूड. खाली ने." मी खाली नेला. "बघ, खालून फुगलंय. पावसाचे बूट तिथंच काढता का तुम्ही?" मी हो म्हटलं. "काढू नका. जवसाचं तेल मिळतं का तिकडं?"

"मिळतं, आण्णा."

"मग कोरडं करून दोन हात दे. दर दिवाळीला द्यायचं, विसरायचं नाय. घर तुजं हाय, दुसरं कोन बघनार?"

मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी तेल आणलं, खोक्यांतली एक जुनी चादर फाडून फडकं केलं, आणि दारासमोर फरशीवर बसून कडेला तेल चोळत राहिले. नवरा आतून बघत होता. त्यानं आठवण करून दिली की दार घरमालकाचं आहे, आपण भाड्यानं राहतो. मी त्याला म्हटलं, हे आण्णांना सांगायचं नाही.